एमपीथ्री सीडी प्लेयर: सेलांच्या हिशेबासकट

मार्च २००३. आज लोकलमध्ये घाटकोपरला प्लेयरचे सेल गेले. विलंबित संपून द्रुत नुकतं लागलं होतं, गाडी सुटता सुटता तबल्यानं उठान घेतली आणि एकदम कानात डब्यातली भांडणं. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र दोनदा मिचमिचलं आणि विझलं. सोमवारी सकाळी नवे टाकलेले सेल, आज गुरुवार. डोंबिवली ते सीएसटी जाऊन-येऊन माझं रोजचं ऐकणं दोन तास वीस मिनिटं. तीन दिवसांचे सात तास, आजचा पाऊण तास, म्हणजे पावणेआठ. खोक्यावर छापलंय १५.

प्लेयर २००२ च्या दिवाळीत घेतला, लॅमिंग्टन रोडला, बोनसमधून, ४,६०० रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला भांडण नको, हिशेब हवा आहे. ऑडिओ सीडी आणि एमपीथ्री दोन्ही वाजवतो, दोन पेन्सिल सेल लागतात, आकार थालीपिठाएवढा. एमपीथ्री म्हणजे गाणं दाबून लहान केलेली फाइल, याहून जास्त सांगत बसत नाही. स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर दीडशे गाण्यांची एक सीडी मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सीडींत माझ्या कामाचं फारसं काही नसतं, त्यामुळे मी आजवर बहुतेक दुकानातून घेतलेल्या ऑडिओ सीडीच ऐकल्या.

आवाज चांगला आहे. हादरे सोसतो. दिवा स्टेशनाजवळ गाडी सांधे बदलते तेव्हा आपण उभ्या उभ्या शेजारणीच्या खांद्यावर जातो, पण तान तुटत नाही. पारसिकच्या बोगद्यात एफएमवाल्यांच्या कानात नुसती खरखर असते, माझं गाणं चालू. पहिल्या आठवड्यात समोरच्या मावशींनी मटार सोलता सोलता विचारलं, "काय गं, प्रेशर बघायचं मशीन का?" हे सगळं कौतुक मान्य. पण सेल?

अल्कलाइनची जोडी ४८ रुपये. पावणेआठ तासांना ४८, म्हणजे तासाला सहा रुपये वीस पैसे. महिन्याला ३६० च्या आसपास. माझा सेकंड क्लासचा पास याहून स्वस्त आहे. गाडीपेक्षा गाडीतलं गाणं महाग! साधे सेल घेऊन पाहिले, १४ रुपयांना जोडी. ते सकाळी टाकले तर धड एक दिवसही टिकत नाहीत. घरी येताना ठाण्याच्या आधीच मान टाकतात. बाबांनी त्यांचा जुना उपाय केला, सेल खिडकीत उन्हात मांडून ठेवले. ट्रान्झिस्टरला तो उपाय चालायचा. या प्लेयरनं उन्हात भाजलेले सेल टाकल्यावर चकती एकदा गर्रकन फिरवली आणि परत बंद.

दुकानदाराकडे गेले, खोक्यावरचे १५ तास दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, कंपनी लिहिते तसं कुठे असतं?" ४,६०० घेताना हे वाक्य त्याला आठवलं नव्हतं.

*

वरचं सगळं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. कुठे टाकलं नाही ते बरं झालं, कारण त्यातलं निम्मं चूक आहे. आता ऑगस्ट आहे.

झालं असं की एप्रिलमध्ये शेजारच्या ओंकारनं, जो इंजिनीअरिंगला आहे आणि ज्याच्याकडे सीडी रायटर आहे, मला एक एमपीथ्रीची सीडी करून दिली. रात्री दिवे घालवून पलंगावर ऐकत होते, प्लेयर पोटावर. थोड्या वेळानं लक्षात आलं की पोटावर काहीच फिरत नाहीये. एरवी एक बारीक थरथर सतत जाणवते. मी झाकणावर बोट टेकवून पडून राहिले. गाणं चालू, मशीन मेल्यासारखं गार. मग सर्र आवाज झाला, दहा-पंधरा सेकंद थरथर आली, परत शांत. घड्याळ लावून पाहिलं. दर दोन मिनिटांच्या आसपास एकदा.

सकाळी ओंकारला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, "काकू, तो सीडीवरून एकदाच घास घेतो आणि चघळत बसतो." आत २ एमबीची मेमरी आहे. १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट, आठ बिटांचा एक बाइट) गाणं सेकंदाला १६ केबी खातं. चकतीवरून मात्र सेकंदाला दीडशे केबी उचलता येतात. म्हणजे १३-१४ सेकंदांत पोट भरतं आणि दोन मिनिटं मोटर बंद. सेल खाणारी खरी राक्षसीण ती मोटर. ऑडिओ सीडीवर माल दाबून बसवलेला नसतो, त्याला १४११ केबीपीएस लागतात, त्यामुळे तिथे मोटरला सुट्टीच नाही. त्यात मी हादरे न लागण्याचं बटण कायम दाबलेलं. ते दाबलं की प्लेयर चकती आणखी जोरात फिरवून पुढचं आधीच वाचून ठेवतो.

घरी येऊन खोकं माळ्यावरून काढलं. १५ च्या पुढे चांदणी होती. चांदणीचा खुलासा तळाला, इतक्या बारीक अक्षरात की बाबांचं भिंग लागलं: एमपीथ्री, १२८ केबीपीएस, अल्कलाइन. ऑडिओ सीडीचे तास वेगळे, आणि तेही हादऱ्याचं बटण बंद ठेवून. तर दुकानदार निम्मा निर्दोष. त्याला हे माहीत असायला हवं होतं हा माझा मुद्दा मी सोडत नाही.

त्या आठवड्यात फक्त एमपीथ्री ऐकलं. साडेदहा तास. १५ नाहीत, पण पावणेआठही नाहीत.

आता खरी गंमत. बाबांकडे एक पत्र्याची ट्रंक आहे, कॅसेटींची. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, तो त्यांनी वर्षानुवर्षं टेप केला. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर गायकाचं नाव, राग, तारीख, आणि काही ठिकाणी "मध्ये लाइट गेले". टेप आता चिकटायला लागल्या आहेत. ओंकारनं आमचा डेक त्याच्या कॉम्प्युटरला जोडला. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं चोवीस कॅसेटी केल्या, दर कॅसेटमागे एक आंबा या दरानं.

पहिली सीडी प्लेयरनं वाजवलीच नाही. फाइलींची नावं दाखवी आणि एकेक ओलांडून पुढे जाई. ओंकारनं जागा वाचवायला २२.०५ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे कमी नमुने घेऊन, भरलं होतं, आणि हा प्लेयर ३२, ४४.१ आणि ४८ सोडून काही जाणत नाही. पुस्तिकेत आहे ते, पान १४. पंधरा रुपयांची कोरी सीडी फुकट गेली, ती आता चहाच्या कपाखाली असते.

मग त्यानं ४४.१ वरच, पण मोनो केलं, ६४ केबीपीएस. माझा जीव खालीवर. निम्मं माप म्हणजे निम्मं गाणं, असंच कुणालाही वाटेल. पण मीडियम वेव्हचा रेडिओ मुळात मोनोच होता! डावा आणि उजवा कान एकच गोष्ट ऐकत होते, ती दोनदा कशाला लिहायची? बाबांना दोन्ही ऐकवलं, न सांगता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "फरक कुठाय? आणि तंबोरा अर्धा स्वर चढा का लागतोय?" तो त्यांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा वेग होता.

६४ ला तोच २ एमबीचा घास चार मिनिटांहून जास्त पुरतो. मोटर निम्म्यानं कमी जागी होते. वहीतली नोंद उतरवते: २ जून, सोमवार, नवे सेल. ७ जून, शनिवार, अर्ध्या दिवसाची बँक करून परत येताना मुलुंडला गेले. तेरा तासांच्या वर. शिवाय ७०० एमबीच्या एका चकतीत असं पंचवीस तास मावतं, म्हणजे बाबांच्या सगळ्या चोवीस कॅसेटी एका थालीपिठात. खोक्यावरचे १५ मला अजून दिसलेले नाहीत. बास वाढवायचं बटण बंद ठेवते, दिवा लावत नाही, तरी नाहीत.

चार्ज करायचे सेलही घेतले, १८०० एमएएच क्षमतेचे, चार्जरसकट ६५०. पहिल्या दिवशी घाबरले, कारण पूर्ण भरलेले सेल टाकूनही बॅटरीचं चित्र अर्धंच. ते तसंच दाखवणार. हे सेल १.२ व्होल्टचे, साधे दीडचे, आणि चित्र बिचारं दीडच्या हिशेबानं काढलेलं. १.२ म्हटले तरी शेवटपर्यंत ते तेवढ्यावरच उभे राहतात आणि मग एकदम बसतात. चित्राकडे बघू नका, वहीकडे बघा. मार्चमधल्या महिना ३६० च्या हिशेबानं दोन महिन्यांत पैसे वसूल झाले.

अमेरिकेतल्या भाच्याकडे आयपॉड आहे. ५ जीबी, खिशात मावतो. मी विचारलं, सेल कोणते? म्हणाला, आत बसवलेलीच बॅटरी आहे, बदलायची सोय नाही. मला नको. इथे लोकांनी १२८ एमबीवाले काडेपेटीसारखे प्लेयर घ्यायला सुरुवात केली आहे, त्यात धड दोन तास गाणी बसतात. ते तर एका दिवसाच्या जाण्यायेण्यात संपतील.

जुलैत दुसरंच सुरू झालं. संध्याकाळी सीएसटीला चकती बदलून बटण दाबलं की "नो डिस्क". दुसरी घाला, "नो डिस्क". घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, व्यवस्थित चालू. शेवटी शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे पहिल्या झटक्यात वाजला. काउंटरवरच्या मुलानं तरी गंभीर चेहरा केला. "हेड वीक झालंय मॅडम. आज चालतंय, उद्या जाईल. बदलून घ्या, सोळाशे." हेडची, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाची, वॉरंटी सहा महिने, मला झालेले आठ. मी म्हटलं, वीक झालंय हे कशावरून? तो म्हणाला, अनुभवावरून. तपासणीचे १५० घेतलेच. पावती मागितली तर "छोट्या कामाची पावती नसते."

गाडीत बसून सेलांच्या वहीची मागची पानं चाळली, कारण त्यात मी बंद पडल्याच्या वेळाही टाकल्या होत्या. अकरा वेळा बंद पडलेला. अकराच्या अकरा वेळा संध्याकाळी. सकाळी एकदाही नाही. सुट्टीच्या दिवशी एकदाही नाही. दिवसभर तो असतो कुठे? माझ्या ड्रॉवरमध्ये, एसीच्या झोताखाली, गारढोण. सव्वासहाला मी त्याला जुलैच्या दमट हवेत नेते आणि प्लॅटफॉर्मवर झाकण उघडते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जे होतं ते हेडमधल्या वाटाण्याएवढ्या भिंगावर होत होतं. सोमवारी मुद्दाम झाकण उघडून तिरपं धरलं आणि पाहिलं. भिंग आंधळं झालेलं, निळसर धुकं, बोटानं पुसावंसं वाटेल असं. पुसलं नाही. घाटकोपरपर्यंत ते आपोआप निघून गेलं आणि प्लेयर बोलायला लागला.

इलाज आठवडाभरात सापडला आणि तो फुकट आहे. एक लिटरची दुधाची पिशवी, धुऊन, वाळवून, वरून कापलेली. प्लेयर तिच्यात घट्ट बसतो. संध्याकाळची सीडी दुपारीच घालायची, पिशवीत सरकवून रबर बँड लावायचा, इअरफोनची वायर तोंडातून बाहेर. पाणी धरलंच तर पिशवीवर धरतं. तीन आठवडे झाले, "नो डिस्क" नाही. डब्यात बायका बघतात. बघू देत, १,६०० वाचलेत.

एक तक्रार राहते आणि ती मला सेलांहून लहान वाटते, इतरांना कदाचित मोठी वाटेल. बंद करून चालू केला की प्लेयरला गाणं आठवतं, गाण्यातली जागा आठवत नाही. कॅसेटची एक बाजू म्हणजे तीस मिनिटांची एक फाइल. सीएसटीला उतरले की संध्याकाळी परत पहिल्या आलापापासून. एका मारव्याची पहिली अकरा मिनिटं मला तोंडपाठ झाली आहेत. ओंकारनं पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून पाहिले, तर प्रत्येक सांध्याला अर्धा सेकंद गाणं दम खातं, आणि तो नेमका तानेत. नको म्हटलं. आणि तुकडे केलेच तर नावं ०१, ०२ अशी द्या. नुसतं १, २ दिलंत तर एकानंतर दहा वाजतो. ओंकारच्या मामेभावाकडे रिओ व्होल्ट नावाचा दुसरा एमपीथ्री सीडी प्लेयर आहे, तो म्हणे नव्या प्रोग्रामची सीडी आत घातली की सुधारतो. माझ्या प्लेयरला तशी सोय नाही.

आणि हो, प्लेयरमध्ये मेलेले अल्कलाइन फेकू नका. मोटर उचलायची ताकद गेली तरी भिंतीवरच्या घड्याळाला ते ढिगानं पुरतात. स्वयंपाकघरातल्या घड्याळात मार्चमधला घाटकोपरचा सेल आहे, त्याला तारीख लिहून चिठ्ठी चिकटवली आहे, आज १७ ऑगस्ट, वेळ बरोबर दाखवतंय. अडचण एवढीच की घरात घड्याळं चार आणि डब्यात उतरलेले सेल एकतीस. कुणाला हवे असतील तर डोंबिवली पूर्वेला येऊन घेऊन जा.