पोटातली फीडिंग ट्यूब काढताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या पोटातली फीडिंग ट्यूब काढून आता चार महिने झाले. त्याआधी ती आठ महिने माझ्या अंगावर होती. जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगासाठी मला सात आठवड्यांत रेडिएशनच्या ३५ सिटिंग घ्यायच्या होत्या आणि घसा इतका सोलवटून निघेल की पाणीही उतरणार नाही, अशी कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली असल्यामुळे उपचार सुरू होण्यापूर्वीच नळी बसवली होती. बसवताना काय होते, फीड म्हणजे पातळ आहार नळीतून कसा द्यायचा, सिरिंज कशी धुवायची, हे सगळे मला नीट शिकवले गेले. नळी काढताना काय होते, याबद्दल मात्र "पाच मिनिटांचे काम आहे" यापलीकडे कोणी फारसे बोलले नाही. ते वाक्य खोटे नाही. पण त्या पाच मिनिटांच्या आधीचे सात-आठ आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे, यांतच नळी काढण्याचा खरा कस लागतो, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. ज्यांची नळी निघायची आहे त्यांना हे आधी ठाऊक असावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझी नळी पेग प्रकारची होती, म्हणजे दुर्बिणीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी ही पद्धत प्रथम वापरली. त्याआधी अशा नळीसाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागत असे. नळी बाहेर निसटू नये म्हणून जठराच्या आत तिला एक अटकाव असतो आणि ती कशी काढायची हे या अटकावावरच ठरते. काही नळ्यांना आत पाण्याने फुगवलेला लहानसा फुगा असतो. सिरिंजने त्यातले पाणी ओढून घेतले की नळी सहज बाहेर येते. काहींना मऊ सिलिकॉनची चकती किंवा घुमट असतो. तो बाहेरून जोर लावून ओढला की दुमडतो आणि छिद्रातून बाहेर पडतो. काही चकत्या मात्र अशा ओढण्याजोग्या नसतात, त्यांसाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागते. आपली नळी यांपैकी कोणती, हे बसवतानाच्या कागदांवर लिहिलेले असते. ते कागद जपून ठेवावेत आणि काढण्याची तारीख घेतानाच हा प्रश्न विचारावा, कारण उपाशीपोटी किती तास राहायचे, गुंगीचे औषध लागेल का, सोबत कोणी हवे का, हे सगळे त्यावरच अवलंबून असते.

वापराच्या महिन्यांबद्दल थोडक्यातच सांगते. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडणे, फीड चालू असताना आणि नंतरही तासभर उशाला उंची देऊन बसणे, छिद्र भरून आल्यावर नळी रोज किंचित आत सरकवून गोल फिरवणे, हा नेम मी कधी चुकवला नाही आणि नळी एकदाही तुंबली नाही. त्रास झाला तो छिद्राभोवती वाढलेल्या लालसर, ओलसर मांसाचा. त्यावर दोनदा सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे असे वाढलेले मांस जाळणारे औषध, लावावे लागले. आठ महिने पालथे झोपता आले नाही. पण ज्या दहा आठवड्यांत माझ्या तोंडातून औषधाची गोळीसुद्धा उतरत नव्हती, त्या काळात मी या नळीवर जगले, हे मी विसरणार नाही.

आता काढण्याआधीच्या आठवड्यांविषयी. रेडिएशन संपून तीन महिने झाल्यावर मी नळी काढून टाका म्हणून मागे लागले होते. माझ्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी (बोलण्याबरोबर गिळण्याचे व्यायामही त्याच शिकवतात) तेव्हा शांतपणे सांगितले, "ताई, आधी तिला विसरून दाखवा, मग काढू." म्हणजे नळीतून फीड नाही, औषध नाही, फक्त रोज पाणी सोडून ती स्वच्छ ठेवायची, सगळे खाणे, पिणे आणि गोळ्या तोंडाने घ्यायच्या आणि तरीही निदान चार आठवडे वजन टिकले पाहिजे. ऐकायला सोपी वाटणारी ही अट पाळताना माझा जीव मेटाकुटीला आला. घट्टसर, मऊ अन्न त्या मानाने लवकर जमले. पाणी सगळ्यात अवघड गेले, कारण ते घशात इतक्या वेगाने सरकते की श्वासनलिकेचे दार वेळेत मिटले नाही तर लगेच ठसका लागतो. एक्स-रेमध्ये उठून दिसणारे बेरियमचे द्रावण पाजून गिळण्याचा व्हिडिओ एक्स-रे काढला तेव्हा पडद्यावर मला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसले: काळसर धार खाली उतरत होती आणि तिचा एक बारीक धागा चुकीच्या वाटेला डोकावून परत येत होता. त्यानंतर हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, जोर लावून कोरडा आवंढा गिळणे, असे व्यायाम मी दिवसातून पाच वेळा केले. उपचारांच्या काळात, नळी असतानाही, रोज थोडे थोडे गिळत राहायला हवे होते. दुखते म्हणून मी ते महिनाभर पूर्ण सोडून दिले होते आणि त्याची किंमत नंतर मोजली. ज्यांचे उपचार अजून चालू आहेत त्यांनी डॉक्टरांची परवानगी असेल तर दोन घोट का होईना, पण गिळणे थांबवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्या आठवड्यात माझे वजन दीड किलोने घटले आणि ठरलेली तारीख पुढे गेली. मी त्या रात्री खूप रडले. आज वाटते की तो निर्णय अगदी योग्य होता, कारण मला नळीचा कंटाळा आला होता, पण माझे शरीर अजून तिच्यावाचून राहायला तयार झाले नव्हते. आहारतज्ज्ञांनी जेवणे तीनऐवजी सहा केली, प्रत्येक घासातले उष्मांक वाढवले आणि पुढचे पाच आठवडे काटा स्थिर राहिला. या काळात वजन नेहमी त्याच काट्यावर, सकाळी त्याच वेळी करावे. गोळ्यांबाबतही आधीच विचारून घ्यावे; काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटून चालत नाहीत.

काढण्याच्या दिवशी मला सहा तास उपाशी राहायला सांगितले होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावीत. मला तशी काही नव्हती. टेबलावर उताणे झोपवून छिद्राभोवती बधिर करणारी जेली लावली. सिस्टरांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, मोठा श्वास घ्या आणि सावकाश सोडा." मी श्वास सोडत असताना डॉक्टरांनी डाव्या हाताने पोट दाबून धरले, नळी उजव्या हाताभोवती गुंडाळली आणि एकसारखी ओढली. क्षणभर आतून सगळे पोटच वर उचलले जात आहे असे वाटले, मग एक झटका, बोथट आवाज, आणि दहा-पंधरा सेकंद जळजळ. त्यानंतर दुखणे सहन होण्यासारखे होते. रक्त चमचाभरही आले नसेल. टाके घालत नाहीत, हे ऐकून मला आश्चर्य वाटले होते, पण छिद्र आतून आपोआप मिटते आणि ते तसेच मिटू द्यायचे असते. दुमडून ठेवलेले कोरडे गॉज आणि त्यावर चिकटपट्टी, एवढेच. ट्रेमध्ये पडलेली नळी मी मुद्दाम पाहिली: बसवली तेव्हा पारदर्शक होती, आता चहासारख्या रंगाची झालेली, सेंटिमीटरच्या खुणा पुसट झालेल्या, आणि टोकाला बटणाएवढा पिवळट घुमट.

पुढे जे झाले, त्याची तयारी माझ्याकडून करून घेतलेली नव्हती. चार तासांनी घरी आल्यावर मी अर्धा पेला पाणी प्यायले आणि मिनिटभरात पोटावरचे गॉज चिंब झाले. प्यायलेले पाणी कपड्यांवर उतरताना पाहून मी हादरले. मला दिलेल्या कागदावर "थोडा ओलावा संभवतो" इतकेच छापले होते. घाबरून रुग्णालयात फोन केला तेव्हा कळले की पहिल्या एक-दोन दिवसांत हे अपेक्षितच आहे: जठराच्या बाजूचे तोंड बहुधा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आवळत जाते, त्वचेकडचे तोंड भरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तोवर प्यायलेले थोडेफार बाहेर झिरपते. हे एक वाक्य आधी सांगितले असते तर ती रात्र इतकी वाईट गेली नसती.

म्हणून गॉजचे भरपूर तुकडे, चिकटपट्टी आणि झिंक ऑक्साइडचे मलम आधीच आणून ठेवावे. जठरातला आम्लयुक्त रस त्वचेला पोळतो, त्यामुळे ओले ड्रेसिंग अंगावर ठेवू नये. मी पहिल्या दिवशी पाच वेळा ड्रेसिंग बदलले, तिसऱ्या दिवशी दोनदा. सहाव्या दिवशी गॉजवर फक्त पिवळसर ठिपका होता आणि बाराव्या दिवशी ते कोरडे निघाले. पहिले काही दिवस थोडे थोडे खाल्ले, एकदम पेलाभर पाणी पिणे टाळले, आणि खोकताना, शिंकताना, उठताना तळहाताने गॉज दाबून धरले. त्याने झिरपणे खूपच कमी झाले. अंघोळ दुसऱ्या दिवसापासून केली, पण जखम बंद होईपर्यंत पाण्यात बसून राहणे आणि पोहणे वर्ज्य.

ताप, वाढत जाणारे दुखणे, पसरणारा लालपणा, पू, न थांबणारे रक्त, काळी शौच किंवा टणक झालेले पोट, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. महिना उलटूनही छिद्र वाहतच राहिले तर तेही दाखवावे. नळी खूप दीर्घकाळ असेल तर, विशेषतः लहान मुलांत, वाट तशीच उघडी राहण्याची शक्यता वाढते. आम्ल कमी करणारी औषधे, दुर्बिणीतून लावलेली क्लिप किंवा छोटी शस्त्रक्रिया हे त्यावरचे उपाय आहेत. आणि नळी अपघाताने निसटली तर तिला "निघाली एकदाची" असे समजू नये. छिद्र काही तासांतच आकसू लागते, आणि बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती निसटणे अधिक धोक्याचे असते, कारण जठर आणि पोटाची भिंत तोवर पक्की जोडलेली नसतात. घरीच परत आत ढकलून फीड सुरू करणे तर मुळीच नको. लगेच रुग्णालय गाठावे.

नाकातून जठरापर्यंत घातलेल्या फीडिंग ट्यूबचे प्रकरण याहून फार सोपे असते. माझ्या सासूबाईंची नळी काढताना मी शेजारी उभी होते: पट्टी सोडवली, नळी बंद केली, श्वास रोखायला सांगितले आणि काही सेकंदांत ती बाहेर. दोन शिंका, डोळ्यांत पाणी, आणि दिवसभर घशात खवखव.

आता छिद्राच्या जागी नखाएवढा खळगा आहे. हात उंच केला की तो आत ओढल्यासारखा होतो. डॉक्टरांच्या मते ते हळूहळू सैल होईल. तोंड कोरडे पडते, प्रत्येक घासाबरोबर पाणी लागते आणि जेवायला चाळीस मिनिटे जातात. वजन पुन्हा घटले तर काय, ही धास्ती पहिले दोन महिने पाठ सोडत नव्हती. गरज पडल्यास नळी पुन्हा बसवता येते, हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर ती बरीच ओसरली. गेल्या महिन्यापासून पालथी झोपते. झोपेत कूस बदलताना हात मात्र अजून आधी पोटावर जातो, नळी बाजूला सारायला.