कोल्हापुरात बारक्या पोरांना पोहायला कुठं न्यायचं? तीन तलाव बघितले, त्याचा अनुभव

आमची बारकी यंदा पाच वर्षांची झाली. तिला पाण्याचं लई वेड, रंकाळ्यावर फिरायला गेलं की कठड्याला चिकटून उभी राहणार आणि घरी बादलीतनं बाहेर काढायला अर्धा तास, म्हणून ठरवलंच की या सुट्टीत हिला पोहायला घालायचं. सोबत दिराचा मुलगा, तो आठ वर्षांचा. म्हणलं दोघांना एकाच ठिकाणी घालू, म्हणजे ने-आण एकच. पण कुठं घालायचं हे विचारायला लागले तर जो तो आपापलं सांगतोय आणि जे सांगतायत ते सगळं मोठ्यांच्या हिशोबानं, की तलाव किती मोठा, कोच किती भारी, पार्किंग आहे का. पाच वर्षांच्या पोरीला तिथं पाय टेकतात का हे कुणीच सांगेना. म्हणून आम्ही स्वतः तीन ठिकाणं बघितली, त्यातल्या एका ठिकाणी महिनाभर बॅच केली, आणि माझ्यासारख्या शोधणाऱ्या आई-बाबांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय. तिन्ही खाजगी आहेत, नावं मुद्दाम घेत नाही, कारण दर सीझनला माणसं बदलतात, आज जे चांगलं ते पुढच्या वर्षी तसंच असेल याची खात्री नसते. काय बघायचं ते कळलं की तुम्ही स्वतः जाऊन दहा मिनिटांत ठरवू शकता.

तसं आपलं गाव पोहणाऱ्यांचंच. वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचाच, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा शाळकरी वयाचा होता, आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलं. महापालिकेचा अंबाई टँक आणि रमणमळ्याचा तलाव सगळ्यांना माहीत आहेत, कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत कोण ना कोण तिथं पोहायला शिकलेलं असतं. त्याच्या आधीची पिढी नदीवर नाहीतर विहिरीवर. आमच्या ह्यांना तर त्यांच्या चुलत्यांनी गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून सोडलं होतं, दुसऱ्या दिवशी डबा काढला आणि काठावरनं ढकललं, आणि आले पोहायला. त्यामुळं त्यांचं म्हणणं, "पोरं आपोआप शिकतात, एवढं काय शोधायचं त्यात." मला हे पटत नाही. त्या विहिरीवर एका पोरामागं चार पोहणारी माणसं उभी असायची, कुणी पायरीवर, कुणी पाण्यात, सगळ्यांचं लक्ष त्या एकाच पोरावर. आता तलावात एका बॅचला तीस-चाळीस पोरं असतात आणि बघणारे दोन. ढकलायची पद्धत तेवढी उचलायची आणि राखण करणारी माणसं सोडून द्यायची, हे कसं चालेल?

आता पहिला तलाव. दिसायला एक नंबर, निळ्याशार फरश्या, मोठी पाटी, ऑफिसात पंखा. आम्ही विचारलं लहान मुलांसाठी वेगळा तलाव आहे का, तर म्हणाले "वेगळा कशाला, इकडची बाजू उथळच आहे की, साडेतीन फूट." ऐकायला साडेतीन फूट म्हणजे काहीच नाही वाटतं. पण साडेतीन फूट म्हणजे १०७ सेंटिमीटर, आणि आमची बारकी १०४. म्हणजे त्या 'उथळ' बाजूला ती सरळ उभी राहिली तर डोक्यावरनं पाणी जातंय. पाच वर्षांची बहुतेक पोरं एवढ्याच उंचीची असतात. तरी एक दिवस ट्रायल घ्या म्हणाले म्हणून घेतली. बारकीनं दंडात हवेच्या पट्ट्या घातल्या आणि कडेची दांडी दोन्ही हातांनी अशी धरली की बोटांची टोकं पांढरी पडली. पंधरा मिनिटं ती तशीच लोंबकळत होती, शिकणार काय? मग एका मोठ्या पोरानं शेजारी उडी मारली, लाट आली, हिचा एक हात सुटला, आणि ओल्या दंडावरनं ती पट्टी सरकून कोपराच्या खाली आली. पोरगी एका बाजूला कलली आणि आवाज काहीच नाही, ना ओरडली ना हात मारले, नुसतं तोंड वर करून बघतेय. मी काठावरच बसले होते म्हणून कपड्यांसकट पाण्यात उतरून धरलं, दोन सेकंदांचं काम. लाइफगार्ड खुर्चीत होता, मोबाईल बघत होता. त्याला नंतरही कळलं नव्हतं.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्याला वाटतं बुडणारं माणूस ओरडतं, हातपाय झाडतं. लहान पोर तसं करत नाही, त्याला तोंड पाण्याच्या वर ठेवण्यातच सगळी ताकद लागते, ओरडायला श्वास उरत नाही. आणि त्या हवेच्या पट्ट्या, बदकाची रिंग, हे सगळं खेळणं आहे, सुरक्षेची वस्तू नाही. ते घातलं म्हणून आपण दोन पावलं लांब जाऊन बसलो तर धोका उलट वाढतो. पोर एका हाताच्या अंतरावर पाहिजे, मग लाइफगार्ड असो नाहीतर नसो. त्या दिवशी घरी येताना बारकी गाडीवर माझ्या पाठीला चिकटून बसली होती, एक शब्द बोलली नाही. पुढं आठ दिवस पोहायचं नावच काढलं नाही तिनं.

दुसरा तलाव आम्हाला शेजारच्या ताईंनी सांगितला. बाहेरनं अगदी साधा, रंग उडालेला, मला तर आत जायच्या आधी शंकाच आली. पण आत मोठ्या तलावाच्या बाजूला बारक्यांचा वेगळा तलाव, दोन फूट खोल, मध्ये कमरेएवढं कुंपण आणि त्याला कडी, म्हणजे पोर या बाजूनं त्या बाजूला पळूच शकत नाही. वरनं हिरवी नेट लावलेली, ऊन डोक्यावर येत नाही. बारकी पहिल्या दिवशी पायरीवरच बसून राहिली. तिथल्या कोच मॅडमनी ओढाताण केली नाही, स्वतः येऊन शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा लई गरम आहे, जरा फुंकर मार बघू," आणि स्वतः पाण्यावर फुंकर मारली. मग हिनं मारली. मग ओठ पाण्याला लावून, मग ओठ पाण्यात घालून, बुडबुडे आले तशी हसायला लागली. तीन दिवस नुसते बुडबुडे. चौथ्या दिवशी मॅडमनी तळाला स्टीलची वाटी टाकली आणि हिनं तोंड बुडवून ती काढून आणली, वर आल्यावर केस सगळे डोळ्यांवर आणि वाटी अशी वर धरलेली, मला काठावर बसल्या बसल्या रडूच आलं. पाय टेकतात हे पोराला कळलं ना, की निम्मी भीती जाते, मग ते स्वतःच पाय उचलून बघतं. महिन्याच्या शेवटी ती भिंतीला पाय मारून चार-पाच फूट तरंगत यायला लागली. पुतण्या मोठ्या तलावात किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून रुंदी पार करतोय आता, पण त्याचं मला एवढं टेन्शन नव्हतंच.

पाण्याचं विचारलं तर तिथले काका चिडले नाहीत, उलट किट घेऊन आले. दोन बारक्या नळ्या, एकीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं ते क्लोरीनचं, दुसरीत गुलाबीसर होतं ते पीएचचं, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतंय का अल्कलीकडं ते, आणि शेजारच्या पट्टीवरच्या रंगाशी जुळवून बघायचं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या आत पाहिजे. रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितात, वही टेबलावरच असते, कुणीही बघा. आणि त्यांनीच सांगितलं की तलावावर डोळे चुरचुरणारा क्लोरीनचा उग्र वास येतो, तो पाणी स्वच्छ असल्याची खूण नाही, उलट घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून तो वास तयार होतो. मी इतकी वर्षं उलटंच समजत होते. म्हणून तिथं शॉवर घेतल्याशिवाय आणि पोराला बाथरूमला नेऊन आणल्याशिवाय पाण्यात सोडतच नाहीत. पोट बिघडलं असेल तर पैसे भरलेले असले तरी येऊ नका, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही कुठंही गेलात तर खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळाची जाळी दिसतेय का तेवढं बघा. जाळी स्पष्ट दिसत नसेल तर बुडालेलं पोरही दिसणार नाही.

अजून एक सांगते. मे महिन्यात आपल्याकडं वळीव कधी येईल नेम नसतो. एकदा साडेचारची बॅच चालू होती, लांब जोतिबाच्या अंगाला ढग भरून आलेलं, इकडं ऊनच होतं, आणि बारीकसा गडगडाट ऐकू आला. लगेच शिट्टी, दोन मिनिटांत दोन्ही तलाव रिकामे, सगळी पोरं आत पत्र्याच्या खोलीत. एक-दोन पालक कुरकुरत होते की अजून पाऊस कुठाय, पैसे भरलेत आम्ही. कोच म्हणाले, "वीज पावसाची वाट बघत नाही." अर्धा तास शेवटच्या गडगडाटानंतर थांबले, मग बॅच रद्दच केली. माझा विश्वास त्या दिवशी बसला.

आता तिथं काय चांगलं नाही ते पण सांगते. बायकांची चेंजिंग रूम अगदी एवढीशी, फरशी सारखी ओली, मॅट नाही, माझ्यासमोर एक आजी नातीला उचलून घेऊन जाताना घसरल्या, नशिबानं लागलं नाही. खुंट्या इतक्या वर की पोराला स्वतःचा टॉवेल काढता येत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण बॅचची. लेडीज बॅच वेगळी, जेन्ट्स वेगळी. लेडीज बॅचला आठ वर्षांचा मुलगा चालत नाही, जेन्ट्स बॅचला आई आत थांबू शकत नाही. म्हणजे भाऊ-बहीण एकत्र पोहू शकत नाहीत आणि बारकीचे बाबा महिनाभर एकदाही तिला पाण्यात बघू शकले नाहीत, रोज गेटवरनं गाडीचा हॉर्न तेवढा. बायकांना मोकळेपणानं पोहता यावं म्हणून वेगळी बॅच पाहिजेच, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण आठवड्यातनं एक तास तरी असा ठेवा ना, जिथं आई, बाबा, दोन्ही पोरं एकत्र बारक्या तलावात उतरतील. एकट्या बाबाला आपल्या बारक्या मुलीला पोहायला आणायचं असेल तर त्यानं जायचं कुठं?

तिसरं ठिकाण म्हणजे गावाबाहेरचं रिसॉर्ट, रविवारी गेलो होतो. घसरगुंड्या, गाणी, जेवण सगळं होतं. पाणी हिरवट, पायरीच्या खाली दुसरी पायरी दिसेना. पोरं रडली तरी मी उतरू दिलं नाही. जेवण करून परत आलो.

काही बारीकसारीक गोष्टी. सहाची बॅच बारक्यांना घेऊ नका, मे असला तरी पहाटे पाणी गार असतं आणि एवढ्याशा शरीरातली ऊब लगेच जाते, वीस मिनिटांत आमच्या बारकीचे ओठ निळे पडले आणि दात वाजायला लागले. ओठांचा रंग बदलला की बॅच संपायची वाट न बघता बाहेर काढायचं आणि कोरडं करायचं. चारनंतरची बॅच बरी, दिवसभराच्या उन्हानं पाणी कोमट झालेलं असतं. कॉटनचे कपडे कुठंच चालत नाहीत, धागे फिल्टरमध्ये अडकतात, नायलॉनचाच कॉस्च्यूम घ्या आणि तो निळा घेऊ नका, केशरी नाहीतर पोपटी घ्या, पाण्याखाली लगेच दिसतो. बाहेर आल्यावर डोकं एका बाजूला कलवून कानातलं पाणी काढायचं आणि कान बाहेरनं टॉवेलनं टिपायचे, सासूबाई तेल घाला म्हणत होत्या पण आमच्या डॉक्टरांनी तेल पण नको आणि बड पण नको म्हणून सांगितलं. आणि डब्यात खायला काहीतरी न्याच. पोहून आल्यावर पोरांना जी भूक लागते ती वेगळीच, आमची दोघं गेटबाहेर कट्ट्यावर बसून केळी, शेंगदाण्याचे लाडू आणि वर भडंगाचं पाकीट संपवायची, आणि एरवी भाजी बघून तोंड फिरवणारी बारकी रात्री दोन भाकऱ्या खायला लागली.

पुढच्या वर्षी आम्ही त्या दोन नंबरच्या तलावावरच परत जाणार, साडेचारच्या बॅचला. शेवटच्या दिवशी आम्ही अकरा पालकांनी सह्या करून एक अर्ज दिलाय, चेंजिंग रूमला मॅट, खाली खुंट्या आणि रविवारी सकाळी एक तास फॅमिली बॅच. काकांनी अर्ज वाचला, खुंट्या तर परवाच मारतो म्हणाले आणि बाकीचं मालकांना विचारून सांगतो. तुमच्यापैकी कुणाची पोरं तिथं येत असतील तर तुम्हाला तलाव ओळखू आलाच असेल, ऑफिसात तो अर्ज वहीच्या खालीच ठेवलाय, सही करून टाका.