ट्रान्सफर फंक्शन कसं काढायचं: विकलक समीकरण, इम्पिडन्स, नोड की टाइम कॉन्स्टंट?

एकाच सर्किटचं ट्रान्सफर फंक्शन (आउटपुट भागिले इनपुट) चार वाटांनी काढता येतं आणि चारही वाटा शेवटी एकाच उत्तरावर येतात. मग निवडायचं कशावरून? उत्तर हातात आल्यावर तुम्ही त्याचं काय करणार आहात, त्यावरून. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक सर्किट घेऊ आणि चारही वाटांनी चालून बघू.

इनपुटपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, मग ग्राउंडकडे १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. त्या सांध्यापासून पुढे पुन्हा तसाच रेझिस्टर, तसाच कपॅसिटर. आउटपुट दुसऱ्या कपॅसिटरवर. एकट्या जोडीची कटऑफ वारंवारता (जिथे आउटपुट ३ डेसिबलने, म्हणजे इनपुटच्या सुमारे ०.७ पट, उतरतं) सुमारे १५९२ हर्ट्झ येते. लिहायला सोपं जावं म्हणून एस (लाप्लासमधली संमिश्र वारंवारता), आर (रेझिस्टर) आणि सी (कपॅसिटर) यांच्या गुणाकाराला क्ष म्हणू. मग कपॅसिटरचा इम्पिडन्स (करंटला होणारा, वारंवारतेनुसार बदलणारा विरोध) होतो आर भागिले क्ष, आणि एकट्या जोडीचं ट्रान्सफर फंक्शन १ / (१ + क्ष).

वह्यांमध्ये हमखास चूक होते ती इथे. दोन जोड्या आहेत ना, मग करा वर्ग: १ / (१ + क्ष)². पण दुसरी जोडी पहिलीतून करंट ओढते, पहिलीला लोड करते. खरं उत्तर असं आहे:

१ / (१ + ३क्ष + क्ष²)

वर्ग उलगडला तर मधल्या पदात २ येतो, खऱ्या उत्तरात ३ आहे. एवढ्याने काय बिघडतं? वर्गाच्या हिशेबाने ३ डेसिबलची घट १०२४ हर्ट्झला व्हायला हवी; प्रत्यक्षात ती ५९६ हर्ट्झलाच होते. फिल्टर जवळपास निम्म्यावर आला.

विकलक समीकरणाची वाट थोडक्यात सांगतो. प्रत्येक कपॅसिटरचा करंट म्हणजे सी गुणिले व्होल्टेजच्या बदलाचा दर. हे मांडायचं, मधलं व्होल्टेज काढून टाकायचं, मग लाप्लास घ्यायचा (बदलाच्या दराच्या जागी एस ने गुणणारं रूपांतर). स्विच दाबल्यावर काय होतं, कपॅसिटरवर आधीचा चार्ज होता का, सर्किटमध्ये डायोड आहे का, असे प्रश्न असतील तर ही वाट जवळची वाटते. डायोडपुढे तर इम्पिडन्सचा हिशेबच चालत नाही, कारण तो रेषीय सर्किटसाठीच आहे. पण फिल्टरचा प्रतिसाद हवा असेल तर इथे वेळ घालवू नका. ‘इम्पिडन्स’ हा शब्द हेविसाइडने १८८६ मध्ये दिला, आणि १८९३ मध्ये केनेली व स्टाइनमेट्झ यांनी संमिश्र संख्यांनी सर्किट सोडवायची रीत मांडली, ती याच कष्टातून सुटका करणारी.

इम्पिडन्सच्या वाटेवर व्होल्टेज डिव्हायडर आणि थेव्हेनिन (सर्किटच्या भागाऐवजी एक व्होल्टेज आणि एक इम्पिडन्स मांडणं) एवढी दोनच हत्यारं पुरतात. पहिली जोडी झाकून घ्या: तिचं उघडं व्होल्टेज इनपुटच्या १ / (१ + क्ष) पट, आणि मागचा इम्पिडन्स आर / (१ + क्ष). त्यापुढे दुसरा आर आणि दुसरा कपॅसिटर लावून पुन्हा डिव्हायडर. अपूर्णांक सोडवले की तो ३ समोर येतो. शिडीसारख्या सर्किटला ही वाट छान, कारण प्रत्येक पायरीवर आपण कुठे आहोत ते दिसतं. एक आग्रह मात्र धरतो: शेवटपर्यंत एस ठेवा, जे ओमेगा (जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, ओमेगा म्हणजे २π गुणिले वारंवारता) अगदी शेवटच्या ओळीत घाला. सुरुवातीपासून जे ओमेगा लिहिलं की जे चा वर्ग उणे एक होऊन पदं एकमेकांत मिसळतात, चिन्हं चुकतात, आणि पोल (छेद शून्य करणाऱ्या एस च्या किमती) कुठे आहेत ते डोळ्यांसमोर राहत नाही.

नोडची पद्धत, म्हणजे प्रत्येक सांध्यावर येणारा आणि जाणारा करंट सारखा मांडणं, याच सर्किटला दोन ओळींत संपवते. मधल्या नोडच्या व्होल्टेजला अ म्हणा. आउटपुटच्या नोडवरून अ = आउटपुट × (१ + क्ष). मधल्या नोडवरून अ × (२ + क्ष) = इनपुट + आउटपुट. पहिलं दुसऱ्यात घाला, झालं. आणि ऑपॅम्प (ऑपरेशनल अँप्लिफायर) आला की हीच वाट धरावी. आउटपुटला युनिटी गेनचा बफर (व्होल्टेज तेवढंच पुढे देणारा, पण मागून करंट न ओढणारा ऑपॅम्प) लावा, पहिल्या कपॅसिटरचं खालचं टोक ग्राउंडवरून उचला आणि बफरच्या आउटपुटला जोडा. हा झाला सॅलेन-की फिल्टर, १९५५ चा. आता आउटपुटकडून मागे वाट आहे, त्यामुळे एकेक पायरी झाकत जाणारा डिव्हायडर अडतो. नोडच्या समीकरणात मात्र उजवीकडे क्ष × आउटपुट हे एकच पद वाढतं, आणि छेद येतो १ + २क्ष + क्ष², म्हणजे नेमका तो वर्ग! एक टोक हलवलं आणि ३ चा २ झाला. मला हे दरवेळी नव्याने सुंदर वाटतं.

तरीही नोडची पद्धत एक गोष्ट सांगत नाही: तो ३ आला कुठून. ते टाइम कॉन्स्टंटची (कपॅसिटर गुणिले त्याला दिसणारा रेझिस्टर) पद्धत सांगते. १९७३ मध्ये कॉक्रन आणि ग्रेबेल यांनी तिला व्यवस्थित रूप दिलं. इनपुट शॉर्ट करा. दुसरा कपॅसिटर काढून ठेवला तर पहिल्याला एकच आर दिसतो: आरसी. पहिला काढून ठेवला तर दुसऱ्याला दोन्ही आर एकापुढे एक दिसतात: २आरसी. बेरीज ३. क्ष² च्या पदासाठी पहिल्याचा आरसी घ्या आणि पहिला शॉर्ट केल्यावर दुसऱ्याला जो आर दिसतो त्याच्या आरसीने गुणा. सर्किटकडे बघता बघता छेद तयार झाला.

किमती वेगळ्या असल्या की हिचं खरं मोल कळतं. मधलं पद होतं आर१सी१ + आर१सी२ + आर२सी२. यातलं आर१सी२ म्हणजेच लोडिंग. ते कमी करायचं तर दुसरी जोडी १०० किलोओहम आणि १ नॅनोफॅरडची घ्या: ३ चा २.१ होतो आणि ३ डेसिबलचा बिंदू ९५६ हर्ट्झवर जातो, बफर न लावता. डिझाइन करणाऱ्याला हेच हवं असतं. अंशातले झिरो (अंश शून्य करणाऱ्या एस च्या किमती) काढताना मात्र ही पद्धत नवख्याला जड जाते. तिथे नोडकडे परत या.

तेव्हा परीक्षा तोंडावर असेल तर नोड पक्की करा. फिल्टर स्वतः बांधणार असाल तर टाइम कॉन्स्टंटवर दोन संध्याकाळी घालवा. सर्किट ब्रेडबोर्डवर लावून १५९२ हर्ट्झला ३ व्होल्टची साइन द्या, प्रोब दहापटीवर ठेवा. आउटपुट १ व्होल्टच्या आसपास हवं. फेज बघून खरं-खोटं ठरवू नका: चुकीच्या वर्गातही इथे ९० अंशच येतात, फक्त व्होल्टेज दीड निघतं.