सेकंडहँड कॅमेरा किट आणि 'सीझनभर काम देतो': माझे २,०१,००० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर भागात जे कोणी नव्याने वेडिंग फोटोग्राफीत उतरताय, त्यांच्यासाठी लिहितेय. माझे २,०१,००० रुपये गेलेत. कॅमेरा बॉडीचे (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) ९२,०००, २४-७० एमएम झूम लेन्सचे ५८,०००, ८५ एमएम लेन्सचे १६,५००, फ्लॅश आणि ट्रिगरचे ९,५००, आणि त्यावर 'सीझन डिपॉझिट' म्हणून २५,०००. यातले ७०,००० आईच्या भिशीचे, एक लाख गोल्ड लोनचे आणि ३१,००० माझ्या बचतीचे. लोनचं व्याज अजून चालू आहे. घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटत होती. पण ज्याने मला हे किट विकलं, तोच माणूस आता दुसऱ्या मुलांना किट दाखवतोय असं कानावर आलं, म्हणून लिहायला बसले.

स्कीम काय असते ते तुम्हाला माहीत आहेच. किट आमच्याकडून घ्या, काम आम्ही देतो, डिपॉझिट सीझन संपला की परत. मलाही माहीत होतं. पण मी काही पेपरातली जाहिरात बघून धावत गेले नव्हते. या माणसाचं नवी पेठेत ऑफिस होतं, भिंतीवर अल्बम होते, टेबलावर तारखांची वही होती, आणि ज्यांच्या हाताखाली मी सेकंड शूटर म्हणून काम केलं होतं, त्यांच्या ओळखीनेच मी तिथे पोचले होते.

आणि मागणी अवाजवी नव्हती. आपल्याकडे कितीतरी लग्नं गोरज मुहूर्ताची. अंतरपाट धरेपर्यंत उजेड गेलेला असतो, कार्यालयात पिवळे बल्ब आणि स्टेजवर जांभळे एलईडी. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स झूम केली की एफ ५.६ वर जाते, म्हणजे उजेड कमी आत घेते, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवत बसलं की नवरीच्या चेहऱ्यावर दाणे दिसतात. अक्षता पडायचा क्षण एकदाच येतो, 'परत टाका' म्हणता येत नाही. म्हणून जास्त उजेड घेणारी एफ २.८ ची लेन्स हवी. बॉडीत दोन मेमरी कार्ड हवेत, कारण एक कार्ड उडालं तर लग्न पुन्हा लावता येत नाही. कॅनन ५डी मार्क ४ हे २०१६ चं मॉडेल आहे, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचं, एक सीएफ आणि एक एसडी अशा दोन प्रकारच्या कार्डांचे दोन स्लॉट. माझ्या बजेटमध्ये ही निवड बरोबर होती, आजही मी तेच म्हणेन. कॅमेरा चुकीचा नव्हता, विकणारा चोर होता.

आता ज्या क्षणाने मला अजून झोप लागत नाही, तो सांगते. त्याच्यासमोरच मी माझं कार्ड घालून चार फोटो काढले आणि लॅपटॉपवर उघडले. प्रॉपर्टीजमध्ये ऑथरच्या जागी कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका भलत्याच रेंटलचं नाव आलं. कॅननच्या मेनूमध्ये मालकाला आपलं नाव भरून ठेवता येतं, ते प्रत्येक फोटोत जातं. नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी विचारलंसुद्धा! तो हसत म्हणाला, "मागच्या मालकाचं राहिलंय की ओ ताई, डिलीट करून टाका." आणि त्याने स्वतःच मेनूत जाऊन ते पुसलं. माझ्यासमोर. बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर आणि त्याने दिलेल्या बिलावरचा नंबर जुळत नव्हता, त्यावर म्हणाला, "बिल बनवताना टायपिंग मिस्टेक झाली, दुसरं देतो." ते दुसरं बिल कधीच आलं नाही. ९२,००० ज्या खात्यात गेले, ते बाईच्या नावावर. "मिसेसचं अकाउंट आहे." उरलेले १,०९,००० रोख, कारण "जीएसटी कशाला भरताय?"

तिन्ही गोष्टी एका तासात घडल्या. मला सांगा, समोर तारखांची वही उघडून 'ही तारीख तुमची' म्हणून कुणी तुमचं नाव लिहीत असेल, तर तुम्ही उठून गेला असता? म्हणायला सोपं आहे.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, त्याचा फोन आला नाही. मी माझ्या ओळखीची एक हळद घेतली. तिथे शूटच्या मधेच एरर २० आला आणि शटर बसलं. मोबाईलवर आणि उसन्या कॅमेऱ्यावर निभावलं, ॲडव्हान्सचे १५,००० परत केले. नवरीची आई एक शब्द वाईट बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

पुण्यातल्या रिपेअरवाल्याने शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, काढला: २,४८,००० च्या वर. मला १८,००० सांगितला होता. या मॉडेलचं शटर दीड लाख फोटोंपर्यंत टिकेल असं कंपनी धरते. कॅननमध्ये हा आकडा साध्या फोटोच्या माहितीत दिसत नाही, सॉफ्टवेअर आणि केबल लागते. विकणारा मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवत असेल तर तो कचरा समजा. मग रिपेअरवाल्याने तळाचा नंबर बघितला आणि गप्प झाला. तो नंबर फोटोग्राफरांच्या ग्रुपवर फिरत होता. कॅमेरा आणि २४-७० दोन्ही भाड्याने नेऊन परत न केलेले. भाडेकरारावर दुसऱ्याच कुणाचं आधार.

मूळ मालकाला मीच फोन केला. त्याच्याकडे पक्कं बिल होतं, वस्तू त्याची होती. असं झालं तर वस्तू परस्पर देऊ नका, पोलिसांमार्फतच द्या आणि पंचनाम्याची प्रत घ्या. कॅमेरा मुद्देमाल म्हणून जमा झाला. माझ्याकडे उरली बुरशी लागलेली ८५ आणि फ्लॅश. ती बुरशी टॉर्च लेन्समधून आरपार मारला असता तर दिसली असती. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही.

आणि पोलीस! वाटलं होतं, चोरीचा माल स्वतःहून दिलाय, निदान ऐकून तरी घेतील. पहिलं उत्तर, ही दिवाणी बाब आहे, वकील करा. मग, कॅमेरा पुण्यातला आहे, पुण्याला जा. मग, रोख दिल्याचा पुरावा काय? मग आवाज चढवून, चोरीचा माल घेतलात, त्याचं कलम ३१७ तुमच्यावरच लागेल. हे सगळं बाकावर बसलेल्या लोकांसमोर. आणि शेवटी, "ताई, मिस्टरांना घेऊन या, त्यांच्याशी बोलतो." पैसे माझे, धंदा माझा, फसले मी, आणि बोलायला मिस्टर? माझं लग्नही झालेलं नाही. बँकेत गेले तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं, तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं तर साहेब बंदोबस्ताला.

घरी येऊन मी कायदा वाचला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. फसवणुकीचं कलम न्याय संहितेत ३१८ आहे. ठाण्यात नकार मिळाला तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. माझा अर्ज आता पोलीस आयुक्तालयात आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी बोलणं तिथे कुणालाच आठवत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मला कळेपर्यंत माझे पैसे खात्यातून केव्हाच निघून गेले होते.

नवीन मुलांनो, पहिला सीझन भाड्याच्या बॉडीवर काढा, पण भाड्याने घ्या ती ओळखीच्याकडून. स्वतःची घ्यायची तर आधी एफ १.८ ची ५० एमएम नवी, बिलासकट घ्या, स्वस्त असते आणि मांडवात तारते. बॉडी बघताना फोटोतला सिरियल नंबर, तळावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही एक हवेत. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक हवं. काम देणारा कधी डिपॉझिट मागत नाही, तो ॲडव्हान्स देतो.

त्या ऑफिसला आता कुलूप आहे, पण फोन चालू आहे, आणि तो उचलून तो 'उद्या देतो' म्हणतो. तुमच्यापैकी कुणी सीझन डिपॉझिट भरलं असेल तर एकेकटे जाऊ नका, एकत्र अर्ज द्या. मी यायला तयार आहे. कच्ची पावती असली तरी फेकू नका. माझीही कच्चीच आहे, तिच्यावर २५,००० चा आकडा आणि खाली त्याची सही आहे, आणि तीच मी अर्जाला जोडली आहे.