अ‍ॅशडेनचे पुरस्कार, रावेरच्या केळीबागेतून पाहताना

शाश्वत ऊर्जेसाठी पुरस्कार देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. त्यांपैकी लंडनच्या अ‍ॅशडेन या धर्मादाय संस्थेचे काम मला विशेष मोलाचे वाटते, कारण २००१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था लोकांच्या घरात आणि शेतात आधीपासून चालू असलेल्या कामाचा गौरव करते आणि ते काम कसे चालते, हेही लिहून ठेवते.

डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेला हा पुरस्कार दोनदा मिळाला. २००२ मध्ये तो उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्यासाठी होता, तर २००६ मध्ये घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी. हा दुसरा पुरस्कार आम्हा केळीवाल्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. प्लॅस्टिकची एक टाकी दुसऱ्या टाकीत उपडी घालून केलेल्या या संयंत्राला शेण रोज लागत नाही. शिळे अन्न, धान्याचा कोंडा, नासकी फळे असे पिष्टमय किंवा गोड काहीही त्याला चालते. शेणाच्या सुमारे ४० किलोंतून मिळणारा मिथेन अशा २ किलो पदार्थांतून मिळतो, असे कर्वे यांनी मांडले होते. रावेर-यावलमध्ये कापणीच्या दिवशी व्यापारी ज्या डागाळलेल्या, वाकड्या फण्या बाजूला काढतो, त्या बांधावरच सडतात. त्यांच्यात पिष्ट आणि साखर दोन्ही भरपूर असते, म्हणजे आमच्या स्वयंपाकाचा गॅस आम्ही दर कापणीला फेकून देतो. गुरे कमी झालेल्या घरांना तर गोबरगॅसपेक्षा हेच सोयीचे पडेल.

हे सगळे मला इंग्रजीतून वाचावे लागले, आणि ही उणीव मला खरोखर मोठी वाटते. अ‍ॅशडेनने पुरस्काराच्या रकमेतला थोडा भाग विजेत्यांची माहिती त्यांच्याच लोकांच्या भाषेत छापण्यासाठी राखून ठेवावा, तसेच दहा वर्षांनंतर त्या गावांत पुन्हा जाऊन किती संयंत्रे चालू आहेत आणि बंद पडलेली कशामुळे पडली, हेही लिहावे. नव्याने खर्च करणाऱ्या शेतकऱ्याला यशापेक्षा त्या बंद पडलेल्या टाक्यांची हकिगत अधिक उपयोगाची असते.

पहिल्या पुरस्काराविषयी एक प्रश्न उरतो. पाचट पानांचे असते, तर आमची कपाशीची पऱ्हाटी लाकडासारखी टणक. वेचणी संपल्यावर ती चुलीत जाते नाहीतर शेतातच पेटवली जाते. तिचा कोळसा करणारी, दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून घ्यावी अशी भट्टी कोणी सिद्ध केली असेल, तर पुढचा पुरस्कार त्या कामाला मिळालेला पाहायला मला आवडेल.