स्पायडर-मॅन कुठून वाचायला घ्यावा : दहा महिन्यांच्या वाचनानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने स्पायडर-मॅनची मूळ कॉमिक्स वाचायचा हट्ट धरला. २०२३ च्या अ‍ॅनिमेशनपटात तिला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन भेटला होता आणि त्याच्यापासूनच सुरुवात करावी अशी तिची अपेक्षा होती. परंतु मुंबईत घडणारी, धोतर नेसलेल्या नायकाची ती २००४ ची मालिका अवघ्या चार अंकांची आहे आणि ती एका संध्याकाळीच संपली. पुढे काय वाचायचे, हा प्रश्न माझ्याकडे आला. मी वेताळ वाचत वाढलेल्या पिढीतला. रद्दीच्या गठ्ठ्यातून वेताळाच्या कथा छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सचा कोणताही अंक उचलावा आणि कथा बहुधा त्या एका अंकातच आटोपावी, अशी आमची सवय. इथेही तसेच असेल असे मी गृहीत धरले आणि तिथेच फसलो.

आमचा पहिला प्रयत्न सर्वांत सोपा वाटणारा होता. २०२२ साली ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मुख्य मालिकेचा क्रमांक १ चा अंक निघाला आहे, म्हणजे तिथून नव्याने आरंभ झाला असणार, असा सरळ हिशेब आम्ही केला. पण त्या अंकात पीटर पार्करवर, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅनवर, घरचे, मित्र आणि इतर सुपरहिरो सगळेच संतापलेले आहेत आणि का, ते कोणीच सांगत नाही. “काका, मधले अंक गाळलेत काय हो?” असे पुतणीने विचारले तेव्हा मीही शोधाशोध केली. गाळलेले काहीच नव्हते. कथेतल्या मधल्या सहा महिन्यांत काय घडले हे लेखक झेब वेल्स यांनी मुद्दाम झाकून ठेवले होते आणि त्याचा उलगडा विसाव्या अंकाच्याही पुढे होतो. साठ वर्षांची मालिका तोंडपाठ असलेल्या वाचकालाही त्या वेळी ते ठाऊक नव्हते.

त्या ‘१’ या आकड्याचे गौडबंगाल समजून घेतले तर बरीच डोकेदुखी वाचते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे १९९८ पर्यंत ४४१ अंक निघाले. १९९९ मध्ये पुन्हा १ पासून मोजणी सुरू झाली, तिचे ५८ अंक झाल्यावर जुन्या आणि नव्या अंकांची बेरीज करून २००३ मध्ये थेट ५०० वा अंक काढण्यात आला. त्यानंतर २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा पुन्हा ‘१’ आला. २०२२ च्या मालिकेतील सहाव्या अंकालाच ९०० हा मूळ क्रमांकही दिलेला आहे, म्हणजे आम्ही पहिला समजून हाती घेतलेला अंक खरे तर ८९५ वा होता. मुखपृष्ठावरचा आकडा हा विक्रीसाठी असतो; कथा बदलते ती लेखक बदलला की. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती पाहायला आलेल्याला आधीच्या सगळ्या लढती माहीत असाव्या लागत नाहीत, पैलवान कोणत्या तालमीचा एवढे कळले तरी पुरते. इथे लेखक-चित्रकारांची जोडी ही ती तालीम समजावी.

दुसऱ्यांदा आम्ही अगदी मुळाशी गेलो. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकातील लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांची स्पायडर-मॅनची ती पहिली कथा केवळ ११ पानांची आहे आणि आजही तिच्यातला एक शब्द काढावासा वाटत नाही. मला पुढचे अंकही आवडले. पुतणीने मात्र सहाव्या अंकावर हात टेकले. तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. चित्रात जे दिसते तेच पात्रे पुन्हा बोलून दाखवतात, प्रत्येक अंकात नवा खलनायक येतो, आणि अंकाअंकांतून थांबून वाचण्यासाठी लिहिलेले हे लेखन सलग वाचताना जड होते.

जमले ते तिसऱ्या खेपेला. २००० साली लेखक ब्रायन मायकेल बेंडिस आणि चित्रकार मार्क बॅग्ली यांनी सुरू केलेली ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ ही वेगळ्या विश्वातली, म्हणजे मुख्य मालिकेशी न जोडलेली मालिका आहे, त्यामुळे मागचे काहीही ठाऊक असण्याची गरज नाही. मूळची ११ पानांची कथा इथे सात अंकांत फुलवली आहे आणि त्यात पीटरचे काका-काकू, शाळा, घरातले रुसवे यांना खरोखरीची जागा मिळाली आहे. या जोडीने सलग १११ अंक केले, म्हणजे चित्रशैली मध्येच बदलून वाचकाचा रसभंग होत नाही. पुतणीने पहिले सात अंक कोल्हापूर–पुणे एसटीच्या एका प्रवासात संपवले.

तिथून मुख्य मालिकेत यायचे तर मी २००१ चा टप्पा सुचवेन. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांचे लेखन १९९९ च्या दुसऱ्या मोजणीच्या ३० व्या अंकापासून सुरू होते. चित्रे जॉन रोमिटा ज्युनिअर यांची आहेत आणि पीटर त्यात आपल्याच जुन्या शाळेत शिक्षक होतो. त्यानंतर आम्ही पुन्हा डिटकोंच्या जुन्या, पहिल्या मोजणीतल्या अंकांकडे वळलो आणि या वेळी मात्र तेच अंक पुतणीला वेगळे वाटले. ३३ व्या अंकात (१९६६) अवजड यंत्राखाली दबलेला पीटर, समोर आवाक्याबाहेर पडलेले काकूचे औषध आणि वरून गळणारे पाणी, हा प्रसंग तिने दोनदा वाचला. ३९ व्या अंकापासून थोरल्या जॉन रोमिटांची (ज्युनिअर यांच्या वडिलांची) चित्रे सुरू होतात आणि वाचन सोपे होत जाते. सध्या ती ११८ व्या अंकावर आहे. जून १९७३ च्या १२१ व्या अंकात काय घडते ते मी घरात बोलत नाही आणि इथेही लिहीत नाही.

१९९० चे दशक नवख्याने बिनदिक्कत वगळावे. एकच कथा चार-चार मासिकांत विभागून छापण्याचा तो काळ होता आणि १९९४ ते १९९६ मधले क्लोन प्रकरण (पीटरच्या हुबेहूब प्रतिरूपांची लांबलेली कथा) तर पट्टीच्या वाचकालाही दमवते. अपवाद म्हणून थोडे मागे जाऊन १९८७ ची ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ जरूर वाचावी. तीही तीन मासिकांत विभागलेली होती, पण सहाच अंकांची आहे आणि आता एकत्र पुस्तकरूपात मिळते. ती लहान मुलांसाठी नाही, हेही सांगून ठेवतो.

आता साधनांविषयी. मोबाइलच्या पडद्यावर ही पाने वाचू नयेत, दहा इंची टॅब्लेट हवाच. प्रकाशक मार्व्हलच्या मासिक वर्गणीच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात, जुन्यांसाठी मात्र ते सोयीचे आहे. छापील प्रतींत अनेक अंक एकत्र बांधलेले हजार पानांचे ओम्निबस ग्रंथ देखणे असले तरी मांडीवर उशी घेतल्याशिवाय वाचता येत नाहीत. मी मागवलेली एक प्रत विक्रेत्याने नुसत्या पातळ पिशवीत पाठवली आणि ती कोपरा दुमडूनच आली. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातही ओल शिरते आणि गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटू लागतात, म्हणून मी आता ‘एपिक कलेक्शन’ या मऊ बांधणीच्या मालिकेकडे वळलो आहे. तिच्या पहिल्या खंडात १९६२ ची ती कथा आणि पुढचे १७ अंक आहेत. पण तो पहिला खंड ‘अल्टिमेट’नंतरची दुसरी खरेदी म्हणून घ्यावा.