सिम नसलेला टॅब आणि मोबाईलचा हॉटस्पॉट: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

टॅब सिमवाला घ्यावा, की नुसता वाय-फायवाला घेऊन त्याला मोबाईलचं नेट द्यावं? खरेदीच्या आधी हा प्रश्न बहुतेकांना पडतो. मी दुसरा पर्याय निवडला आणि गेले बरेच महिने रोज तसाच टॅब वापरतेय. वाचन, पीडीएफवर खुणा, टिपणं, व्हिडिओ कॉल आणि रात्री कधीतरी एखादा चित्रपट, एवढं माझं काम. फोन आणि टॅब दोन्ही अँड्रॉइडचे. मत सुरुवातीलाच सांगते: टॅब हातात असताना फोनही आसपास असणार असेल, तर वेगळ्या सिमची गरज नाही. फक्त समोरचं वाय-फाय म्हणजे कुणाचातरी मोजून मिळणारा डेटा आहे, हे टॅबला आधी पटवून द्यावं लागतं.

बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. फोनवर आपण फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, पॉडकास्टचे डाउनलोड असं सगळं ‘फक्त वाय-फायवर’ ठेवलेलं असतं आणि ते गुपचूप वाट पाहत बसतं. टॅबला मात्र हॉटस्पॉट म्हणजे साधं वाय-फाय दिसतं. जोडणी झाली रे झाली की अडून राहिलेली सगळी कामं एकदम सुरू होतात. आपण दोन पानं वाचत असतो आणि मागे एखादा भलामोठा सिस्टिम अपडेट उतरत असतो.

यावर उपाय आहे आणि तो बहुतेक टॅबमध्ये असतो. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट जोडणीच्या वेळीच ‘हे नेट मोजलं जातंय’ अशी सूचना देतो आणि अँड्रॉइड टॅब बहुधा ती आपणहून पाळतो. तरीही एकदा खात्री करून घ्या. वाय-फायच्या यादीत आपल्या हॉटस्पॉटच्या तपशिलात जाऊन तो ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजला जाणारा) आहे का ते पाहा, नसेल तर हाताने करा. फोन एका कंपनीच्या प्रणालीवर आणि टॅब दुसऱ्या कंपनीच्या, असं असेल तर हे नक्कीच तपासा. आयपॅडवर हीच सोय ‘लो डेटा मोड’ नावाने २०१९ पासून आहे आणि ती एकेका नेटवर्कसाठी वेगळी लावता येते. त्यामुळे घरच्या वाय-फायवर टॅब मोकळा आणि हॉटस्पॉटवर आवरता, असं दोन्ही जमतं. या एका सेटिंगनंतर माझा डेटा दिवसभर व्यवस्थित पुरायला लागला.

व्हिडिओचं प्रकरण मात्र वेगळं. बऱ्याच व्हिडिओ ॲपमध्ये दर्जाची दोन सेटिंग असतात, एक मोबाईल डेटासाठी आणि एक वाय-फायसाठी. टॅब हॉटस्पॉटवर असला तरी हे ॲप अनेकदा वाय-फायचं सेटिंग वापरतं. त्यात पडदा मोठा, म्हणून ‘ऑटो’वर ठेवलं की दर्जाही वरचा निवडला जातो. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत डेटा जातो, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि ४के असेल तर ७ जीबीपर्यंत. एका चित्रपटात दिवसाचा सगळा डेटा संपणं म्हणूनच अगदी सहज घडतं. टॅबवर वाय-फायचा दर्जाही खाली आणून ठेवा. मी लांबलचक गोष्टी चांगल्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवते आणि हॉटस्पॉटवर फक्त छोटे व्हिडिओ बघते.

आता वेगाबद्दल. हॉटस्पॉटला नेट हळू चालतं अशी ओरड असते, पण बहुतेक वेळा फोन आणि टॅब यांच्यामधला दुवा ठीक असतो. अडतं ते फोन आणि टॉवर यांच्यात. म्हणून फोन कुठे ठेवलाय याला फार महत्त्व आहे. खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वाय-फाय आरामात पोचतं. मग फोन टॅबला चिकटवून ठेवण्यापेक्षा जिथे रेंज चांगली तिथे, म्हणजे बहुधा खिडकीपाशी, ठेवावा आणि टॅब घेऊन हवं तिथे बसावं. व्हिडिओ कॉलमध्ये आपलं चित्र वरही पाठवायचं असतं, त्यामुळे तिथे हा फरक लगेच जाणवतो. बॅटरीलाही याने आराम मिळतो, कारण रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला फोनला जास्त जोर लावावा लागतो.

बँडचं, म्हणजे हॉटस्पॉट कोणत्या लहरींवर चालतो त्याचं, म्हणाल तर ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंती आल्या की दमतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब आणि भिंतीपलीकडे पोचतो, पण आजूबाजूला राउटर जास्त असले की गर्दीत अडकतो. एकाच खोलीत असाल तर ५ ठेवा. जुन्या टॅबला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर २.४ वर आणून पाहा. आयफोनवर त्यासाठी ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं.

फोन गरम होणं आणि बॅटरी उतरणं ही या सोयीची खरी किंमत. हॉटस्पॉट चालू असताना फोनचे मोबाईलचे आणि वाय-फायचे असे दोन्ही रेडिओ जागे असतात आणि फोनला झोप मिळत नाही. वर चार्जिंगही लावलं तर उष्णता आणखी वाढते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत भरलेलं राहणं हे दोन्ही मानवत नाही. त्यामुळे मी हॉटस्पॉट चालू असताना जलद चार्जर लावत नाही, जाड कव्हर काढते आणि फोनमध्ये ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावून ठेवली आहे. फोन उशीखाली किंवा पांघरुणात तर मुळीच नको.

लांबलचक बैठकीसाठी मी हॉटस्पॉट सोडून यूएसबी टेदरिंगवर, म्हणजे केबलने टॅबला फोनचं नेट देण्यावर, आले आहे आणि ते मला मनापासून आवडलंय. फोन आणि टॅब यूएसबी-सी केबलने जोडायचे आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. माझ्या टॅबने ते लगेच ओळखलं आणि वरच्या पट्टीत ईथरनेटची (तारेने जोडलेल्या नेटची) खूण आली. हवेतली गर्दी नाही, पासवर्ड नाही, फोनचा वाय-फाय रेडिओ बंद. टॅबची बॅटरी मोठी असल्यामुळे फोनला तिच्यातून थोडं चार्जिंगही मिळतं. कोण कुणाला चार्ज करणार हे सहसा फोनच्या सूचनेतून बदलता येतं. केबल मात्र डेटाची हवी. काही स्वस्त केबलमध्ये नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात, तिथे काहीच घडत नाही. सगळेच टॅब फोनला असं स्वीकारतील असं नाही, पण करून बघायला दोन मिनिटं लागतात.

ब्लूटूथ टेदरिंग लोक विसरूनच गेलेत. त्याचा कागदावरचा कमाल वेग ३ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. व्हिडिओला निरुपयोगी. पण मेल, निरोप, शब्दकोश, बातम्यांचा मजकूर यांना तेवढा पुरतो आणि फोनची बॅटरी कितीतरी कमी खर्च होते. प्रवासात फक्त वाचत असेन तर मी हेच वापरते.

त्रास देणाऱ्या काही बारीक गोष्टी. टॅब झोपला की जोडणी तुटते, मग कुणीच जोडलेलं नाही असं पाहून थोड्या वेळाने फोन हॉटस्पॉट आपणहून बंद करतो. टॅब पुन्हा उघडला की परत फोन हातात घ्यावा लागतो. ही आपोआप बंद होण्याची सोय बंद करता येते, पण मी ती ठेवली आहे, कारण बॅटरी वाचते. अँड्रॉइड फोनवर डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट सुरूच होत नाही. बटण फिकट दिसत असेल तर आधी हेच तपासा. आयफोनवर जोडणी होईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचा पडदा उघडा ठेवावा.

फोन आला तर नेट तुटतं का? व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालू असेल तर बोलणं आणि डेटा दोन्ही एकदम चालतात. दोन सिमच्या फोनमध्ये मात्र अडचण येते. डेटा पहिल्या सिमवर आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला, की बऱ्याच फोनमध्ये तेवढा वेळ डेटा थांबतो आणि टॅबवरची बैठक गोठते. कॉल चालू असेपर्यंत डेटा दुसऱ्या सिमवर नेण्याचं सेटिंग काही फोनमध्ये असतं, ते चालू ठेवा. महत्त्वाच्या बैठकीआधी मी सरळ डेटा त्या सिमवर घेते जिच्यावर कॉल येण्याची शक्यता जास्त.

सुरक्षिततेचंही थोडं. हॉटस्पॉटच्या सुरक्षेच्या पद्धतींपैकी टॅब आणि फोन दोन्ही चालवत असतील तर नवी डब्ल्यूपीए३ निवडा, नाहीतर जुनी डब्ल्यूपीए२. हॉटस्पॉटच्या नावात स्वतःचं नाव ठेवू नका, आसपासच्या सगळ्यांना ते दिसत असतं. पासवर्ड लांब ठेवून क्यूआर कोडने जोडला तर टाइप करायचीही कटकट नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: अँड्रॉइड फोनवर व्हीपीएन (नेटची रहदारी सुरक्षित मार्गाने नेणारी सोय) चालू असलं तरी हॉटस्पॉटवरून जाणारी टॅबची रहदारी साधारणपणे त्यातून जात नाही. ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन लागत असेल तर ते टॅबवर वेगळं टाकावं लागेल.

टॅबवर नकाशा लावून फिरणार असाल तर एक तपासा. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, ते सिमवाल्यातच येतं. अँड्रॉइड टॅबमध्ये मॉडेलनुसार असतं किंवा नसतं. आणि टॅब जर दिवसाचा बराच वेळ तुमच्या फोनपासून दूर, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात असणार असेल, तर हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका, सिमवालाच घ्या. तुमच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटच्या डेटाला वेगळी मर्यादा आहे का, तेही घेण्याआधी वाचा. काही प्लॅनमध्ये ती असते.